वाचकांचे प्रश्न : खांद्यांना सवड आहे, डोळ्यांना नाही

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका या आजाराचा ओझरता उल्लेख केला होता. साठी-सत्तरीच्या माणसाचे दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या एकदम धरतात आणि सकाळी अंग हलत नाही, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेली पत्रं वाचून या वेळचा सगळा स्तंभ या आजाराला आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या जायंट सेल आर्टरायटिस या रक्तवाहिन्यांच्या सुजेच्या आजाराला द्यायचं ठरवलं. पहिल्याला आम्ही पीएमआर म्हणतो, दुसऱ्याला जीसीए. साताऱ्यात संधिवाताची ओपीडी चालवताना हे दोन्ही रुग्ण मला भेटतात, आणि बहुतेक जण चार दारं फिरून थकून आलेले असतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

कराडहून एक सूनबाई लिहितात : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत घरचं दळण-कांडण, देवपूजा सगळं त्याच करायच्या. आता सकाळी कूस बदलायलाही मला हाक मारतात. ब्लाउजमध्ये हात जात नाही, अंबाडा मीच घालते, संडासातून उठताना धरावं लागतं. दुपारी दोननंतर मात्र स्वतः उठून चहा करतात, त्यामुळे घरातल्यांना वाटतं की सकाळी कामाचा कंटाळा करतात. आधी ‘फ्रोझन शोल्डर’ सांगितलं, शेक दिला, व्यायाम दिले. एक्स-रेत झीज दिसली. आता फिजिशियननी रक्तातून सुजेचा अंदाज देणारा ईएसआर तपासला, तो ८८ आला. त्यांनी प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम लिहून दिलं आहे. शेजारच्या मावशी म्हणतात, स्टेरॉइड एकदा लागलं की सुटत नाही. गोळ्या आणून ठेवल्यात, अजून दिलेल्या नाहीत.

उत्तर : गोळ्या सुरू करा. तुमच्या फिजिशियननी बरोबर ओळखलं आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

तुमच्या घरी ज्याला कंटाळा म्हणतात, तीच या आजाराची खूण आहे. झिजेचा गुडघा सकाळी पाच-दहा मिनिटं आखडतो, आणि दिवसभर वावरल्यावर संध्याकाळी जास्त दुखतो. पीएमआर याच्या उलट वागतो. पहाटेपासून दुखणं वाढतं, सकाळी पाऊण तासाहून जास्त वेळ अंग लाकडासारखं राहतं, कित्येकांचं दुपारपर्यंत, आणि मग हळूहळू सुटत जातं. सकाळी उठवत नाही आणि दुपारी चहा करता येतो, ही दोन्ही चित्रं एकाच बाईची आणि दोन्ही खरी. हे घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना दुखण्यापेक्षा या संशयाचा त्रास जास्त झालेला असतो.

फ्रोझन शोल्डर बहुधा एका खांद्याला होतो. दोन्ही खांदे थोड्याच दिवसांत धरले, सोबत मान, खुबे, मांड्यांचा वरचा भाग आला, वय पन्नाशीपुढचं आहे आणि ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) वाढलेलं आहे, तर पीएमआरचा विचार करावाच लागतो. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा दोन-तीन पट आढळतो, आणि सत्तरी ते ऐंशी हा त्याचा मुख्य काळ. रुग्ण ‘स्नायू दुखतात’ म्हणतात, पण स्नायू निरोगी असतात. सूज असते ती खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांच्या अस्तराला आणि भोवतीच्या द्रवाच्या पिशव्यांना. ती एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रेत जी झीज दिसली ती ७१व्या वर्षी तुमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या एक्स-रेत दिसेल.

याच्यासारखे दिसणारे दुसरे आजार वगळायला मात्र हवेत. थायरॉइड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, स्नायूंसाठी सीपीके, आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, आणि रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, कारण मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोगही उतारवयात हाडदुखी आणि वाढलेला ईएसआर घेऊन येतो. सासूबाई कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेत असतील तर सांगा, तिनेही मांड्या दुखतात. गेल्या काही महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. आपल्याकडे चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेले लोक आहेत. यातल्या बऱ्याच तपासण्या झाल्याही असतील, फाइल बघा.

आता मावशींची भीती. ती उगाच नाही. सांधेदुखीच्या काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. ती वर्षानुवर्षं खाऊन चेहरा सुजलेले, हाडं ठिसूळ झालेले लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. फरक असा की तिथे मात्रा कुणालाच माहीत नसते आणि कमी करायची योजना नसते. इथे दोन्ही आहेत. शरीर स्वतःच रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल बनवतं. १५ ही त्याच्या तिप्पट मात्रा, आणि ती काही आठवड्यांपुरती. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून ठरवलेली सुरुवातीची मात्रा १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे. चार ते आठ आठवड्यांत १० वर यायचं, आणि तिथून पुढे महिन्याला साधारण एक मिलिग्रॅम या बेताने उतरायचं. बारीक मात्रेची गोळी मिळाली नाही तर एक दिवस १० आणि एक दिवस साडेसात असंही करता येतं. बहुतेकांचं औषध एक ते तीन वर्षांत सुटतं. काहींना छोटी मात्रा जास्त काळ लागते.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर, एकदाच. पहिल्या आठवड्यातच सासूबाई स्वतः अंबाडा घालू लागल्या तर नवल वाटू देऊ नका. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर गोळी वाढवत न बसता निदानाचाच फेरविचार करायला सांगा. पहिल्या दिवसापासून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवं, आणि हाडांची घनता मोजून गरज असेल तर हाडं राखणारी आठवड्याची गोळीही. ती गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

आणि एक प्रश्न आज रात्री जेवताना सासूबाईंना विचारा : कानशिलं दुखतात का, डोक्यावरून फणी फिरवताना कातडी दुखते का, भाकरी चावताना जबडा भरून येतो का? का विचारायचं ते पुढच्या पत्रात आहे.

वाईहून ६८ वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक लिहितात : तीन आठवडे उजवं कानशील ठणकतं. गांधी टोपी घातली की तिथेच खुपते. भाकरीचे चार घास चावले की जबडा दुखून येतो, थांबलो की थांबतो, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दात चांगले आहेत म्हणून सांगितलं. वजन चार किलो उतरलंय. परवा पेपर वाचताना उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला आणि दोन मिनिटांत गेला. आपण मागे खांद्यांविषयी लिहिलं होतं; माझे खांदेही वर्षभर दुखत होते. याचा काही संबंध असेल का?

उत्तर : हे पत्र वाचल्यावर मी उत्तर लिहायला बसले नाही. खाली नंबर होता, त्यावर फोन केला. सरांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या फिजिशियनकडून प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घेतली. त्यात कानशिलाच्या शिरेभोवती सुजेचं काळं कडं दिसलं. डोळा शाबूत आहे. त्यांच्या परवानगीने पत्र छापते आहे, कारण यात सांगितलेली एकूणएक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

जीसीएमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सूज येते, विशेषतः कानशिलाच्या, डोळ्यांकडे जाणाऱ्या आणि जबड्याच्या धमन्यांना. क्षार साचलेल्या नळाची धार बारीक होते तसा आतला रस्ता अरुंद होतो. चावताना जबड्याच्या स्नायूला जास्त रक्त लागतं, ते पोहोचत नाही, म्हणून चौथ्या घासाला दुखतं आणि थांबल्यावर राहतं. दाताचं दुखणं असं वागत नाही. भाकरी, चकली, भाजलेले शेंगदाणे चावताना जबडा थकतो असं पन्नाशीपुढचं कुणी म्हणालं, तर मी पुढचा प्रश्न डोळ्यांविषयी विचारते.

डोळ्यासमोर क्षणभर पडदा येणं, एकाचे दोन दिसणं, हे डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडत असल्याचे इशारे आहेत. पुढचा टप्पा म्हणजे दृष्टी जाणं. ती बहुधा अचानक जाते, दुखत नाही, आणि गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. उपचार नसतील तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, तुम्हालाही सांगते : पीएमआरच्या खांद्यांना तपासण्या होईपर्यंत आठवडाभर थांबता येतं. जीसीएच्या डोळ्याला रात्रभरही थांबता येत नाही.

संशय बळकट असेल तर ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन त्याच दिवशी द्यायचं. दृष्टीवर परिणाम झालाच असेल तर सलग तीन दिवस शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन. रिपोर्टसाठी, अपॉइंटमेंटसाठी, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबायचं नाही. कानशिलाच्या शिरेचा तुकडा काढून तपासायचा असेल तर तो गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांतही काढता येतो, खुणा तोवर टिकतात. मात्र तुकडा सेंटिमीटरपेक्षा लांब हवा, कारण सूज शिरेत सलग नसते, मध्ये चांगला भाग असतो. सोनोग्राफीतलं कडं गोळ्यांनी काही दिवसांतच पुसट होतं, म्हणून ती लवकर करायची. या दोन्हींपेक्षा गोळी आधी.

सरांनी विचारलेल्या संबंधाविषयी : हो, आहे. जीसीएच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना पीएमआरचीही लक्षणं असतात, आणि पीएमआरच्या साधारण सहापैकी एकाला जीसीए होतो, कधी आधी, कधी बरोबर, कधी गोळ्या उतरत असताना. खांद्यांसाठी १५ मिलिग्रॅम पुरतं. डोळ्यांना ते पुरत नाही. पीएमआरचा रुग्ण ‘मी तर स्टेरॉइडवर आहेच’ म्हणून डोकेदुखीकडे काणाडोळा करतो, तिथे घात होतो. वजन उतरणं आणि बारीक ताप यामुळे आपल्याकडे आधी क्षयाच्या तपासण्या होतात. त्या जरूर करा, पण सोबत कानशिलावर बोट ठेवून बघा.

नागपूरहून एक निवृत्त बँक अधिकारी लिहितात : थोरली बहीण, वय ७४, मुलाकडे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला गेली असताना तिला जीसीए झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. चार महिने प्रेडनिसोलोन चालू आहे, आता रोज २० मिलिग्रॅम. परत आल्यावर इथे एकाला दाखवलं. ते म्हणाले, हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्याकडे होत नाही, गोळ्या बंद करा. ती गोंधळून गेली आहे. गोळ्यांनी तिचं तोंड सुजलंय, रात्री झोप नाही, बंद करायला ती एका पायावर तयार आहे.

उत्तर : बंद करू नका. ही ओळ वाचून आधी ताईंना फोन करा, मग पुढचं वाचा.

चार महिने रोज प्रेडनिसोलोन घेतल्यावर शरीराचा स्वतःचा कॉर्टिसॉलचा कारखाना निजलेला असतो. त्याला जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. गोळी एकदम थांबवली की रक्तदाब पडतो, उलट्या होतात, माणूस गळून जातो, आणि जिवावर बेतू शकतं. त्याखेरीज दबलेली सूज उसळून डोळ्यावर जाऊ शकते ती वेगळीच.

‘गोऱ्यांचा आजार’ या समजाला अर्धा आधार आहे. जीसीए सर्वांत जास्त आढळतो तो स्कँडिनेव्हियात आणि अमेरिकेत मिनेसोटासारख्या भागात, जिथे उत्तर युरोपातून गेलेले लोक राहतात. भारतात तो कमी दिसतो. आपल्या डॉक्टरांना धमन्यांच्या सुजेचा जो आजार जास्त ओळखीचा आहे तो टाकायासू, आणि तो होतो चाळिशीच्या आतल्या मुलींना. पण कमी दिसतो म्हणजे होत नाही असं नव्हे. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतून जीसीएच्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत, माझ्या ओपीडीत सातारा जिल्ह्यातले शेतकरी आहेत. आपल्याकडे आता पुष्कळ लोक ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगतात, आणि हा आजार वयाबरोबर वाढत जातो. ज्याचा विचारच मनात येत नाही त्याचं निदान होत नाही.

लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८९० मध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांची हकिगत लिहून ठेवली आहे : कानशिलावरच्या शिरा लाल होऊन इतक्या दुखत की त्यांना टोपी घालता येईना. वाईच्या सरांची तक्रार शब्दशः तीच आहे. हचिन्सन यांच्यापाशी देण्यासारखं औषध नव्हतं. कॉर्टिसोनने सांध्यांची सूज उतरते हे मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते १९४९ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. मधल्या साठ वर्षांत ज्यांना हा आजार झाला त्यांच्यापुढे वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं. ताईंना गोळीचा राग येतो तेव्हा त्यांना हे सांगून बघा. सुजलेलं तोंड मात्रा उतरली की उतरतं. गोळी सकाळीच घेतली तर झोपही थोडी सुधारते.

गोथेनबर्गचे कागद घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे जा. सर्वसाधारण बेत असा असतो : दोन-तीन महिन्यांत १५ ते २० पर्यंत आणि वर्षभरानंतर ५ पर्यंत. ताई त्या वाटेवरच आहेत. मात्रा उतरताना आजार परतत राहिला, किंवा मधुमेह, ठिसूळ हाडं यामुळे स्टेरॉइड झेपत नसेल तर टॉसिलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइड २६ आठवड्यांत बंद केलं तेव्हा दर आठवड्याला हे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोक वर्षाअखेर आजारापासून मोकळे होते. नुसत्या स्टेरॉइडवर असलेल्यांपैकी १४ टक्के. औषध महाग आहे, आणि आपल्याकडे ते देण्याआधी दबलेला क्षय आणि कावीळ-बी तपासणं सक्तीचंच समजा. त्यावर असताना सीआरपी औषधामुळेच खाली राहतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला आहे म्हणून आजार शांत आहे असं धरता येत नाही. डोकेदुखी, जबडा, डोळे यांवरच नजर ठेवायची.

रत्नागिरीहून ६६ वर्षांच्या एक बाई : पीएमआरसाठी वर्षभर गोळ्या घेते. साडेसातवर आले की पुन्हा खांदे दुखतात. मधुमेह जुना आहे. सकाळची उपाशीपोटीची साखर नॉर्मल येते पण तीन महिन्यांची सरासरी ९ आली. घरी सगळे म्हणतात मी चोरून गोड खाते. श्रावणातले सोमवार करावेत का?

उत्तर : तुम्ही चोरून काही खात नाही, हे मला रिपोर्टवरून दिसतं. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवतं, पहाटेपर्यंत ती उतरते. उपाशीपोटीची तपासणी म्हणूनच फसवते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा, तो आकडा मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा आणि औषध त्या वेळांप्रमाणे बदलून घ्या.

खांद्यांचं : प्रत्येक दुखणं म्हणजे आजार परतला असं नसतं. सकाळचं आखडणं परत आलं, दोन्ही बाजूंना आलं, सीआरपी वाढलं, तर आजार परतला. ज्या मात्रेवर बरं होतं तिथे परत जायचं आणि पुढच्या वेळी सावकाश उतरायचं. जवळजवळ निम्म्या लोकांना असं होतं, यात तुमचं काही चुकलेलं नाही. दुखणं एकाच खांद्यात आहे, हात वर करताना ठरावीक ठिकाणी अडतं, सकाळ-संध्याकाळ सारखंच आहे, तर तो खांद्याच्या स्नायूबंधाचा त्रास. त्यावर गोळी वाढवून काही साधत नाही, फिजिओथेरपी लागते. वारंवार परतत असेल तर मेथोट्रेक्सेटची जोड देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायची. चुकून रोज घेतल्याने लोक दगावले आहेत. वार डबीवर मोठ्या अक्षरात लिहा.

सोमवार करू नका. फार मन धरत असेल तर नाश्ता करून गोळी घ्या आणि साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ थोडे, दूध-ताक, भाजलेले शेंगदाणे घ्या. गोळी न चुकता घेणं महत्त्वाचं.

सोलापूरहून ७३ वर्षांचे निवृत्त एसटी कंडक्टर : जीसीएने उजवा डोळा गेला. आधी तीन आठवडे डोकं दुखत होतं, तेव्हा एके ठिकाणी चष्म्याचा नंबर बदलून दिला होता. आता सात महिने झाले, १० मिलिग्रॅमवर आहे, रिपोर्ट चांगले. पण डावा डोळा जाईल या धास्तीने रात्री उठतो, दिवा लावतो, दिसतंय का बघतो, मग झोपतो. बायकोला सांगितलेलं नाही.

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या काही आठवड्यांत तुमची ही भीती खरी होती. आज सात महिन्यांनी, गोळ्या नेमाने चालू आहेत, रिपोर्ट चांगले आहेत, डोकं दुखत नाही, तेव्हा डाव्या डोळ्याचा धोका फार कमी झालेला आहे. गोळी न विचारता सोडली तर मात्र तो पुन्हा वाढू शकतो.

रात्रीची तपासणी थांबवण्यासाठी सकाळची सुरू करा. चहानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ठरावीक जागी उभं राहून डाव्या डोळ्याने तारखा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. काल दिसली ती आज दिसली, की दिवसभराचं काम झालं. पडदा, दोन प्रतिमा, नवी डोकेदुखी, कानशिलाला हात लावता न येणं, चावताना जबडा दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना, रात्र असली तरी. त्यासाठी कोणाला उठवायचं, कोणती गाडी, कोणतं रुग्णालय हे आजच ठरवून चिठ्ठीवर लिहा. यासाठी काकूंना सांगावं लागेल. सांगा. तुम्ही रात्री उठता हे त्यांना बहुधा माहीत असेलच.

एका डोळ्याने खोलीचा अंदाज जातो, तो मेंदू काही महिन्यांत बराचसा नव्याने शिकतो. तोवर चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवा, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा मारून घ्या, कठड्याला हात ठेवा. रस्ता ओलांडताना उजवीकडे नुसता डोळा नको, मान पूर्ण वळवा. आपल्याकडे वाहन पहिल्यांदा त्याच बाजूने येतं. दुचाकी आता नको. चालताना काकूंना उजव्या हाताला ठेवा. स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतात, म्हणून डाव्या डोळ्याची आणि त्यातल्या दाबाची तपासणी दर सहा महिन्यांनी करा. जीसीए झालेल्यांची महाधमनी पुढे काही वर्षांनी फुगू शकते, तेव्हा छातीची आणि पोटाची तपासणी कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि चष्म्याचा नंबर बदलून घेतला तेव्हा मी दुसरीकडे का गेलो नाही, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. डोकं दुखलं म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. रुग्णाने करायचं ते तुम्ही केलं होतं.

थोडक्यात काही उत्तरं :

पुण्याच्या ताईंना : नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही, पन्नाशीपुढच्या आणि स्टेरॉइडवरच्या माणसाला ती घेता येते. फ्लू आणि न्यूमोकोकसच्याही घ्या. जिवंत विषाणूच्या लशी मात्र मोठ्या मात्रेवर असताना नकोत.

बेळगावच्या काकांना : हळद-दूध घ्यायला हरकत नाही, पण जीसीएला ते औषध नाही. ते घेताना गोळी कमी केली असेल तर आजच पूर्ववत करा.

अकोल्याच्या दादांना : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की दात काढणं, तिथल्या डॉक्टरांना ‘रोज प्रेडनिसोलोन चालू आहे’ हे आधी सांगायचं. ताप आला तर काही दिवस मात्रा वाढवावी लागते, बहुधा दुप्पट. ती किती आणि किती दिवस, हे आत्ताच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर घरी वाट बघायची नाही, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून चालू आहे आणि ‘एकदम बंद करू नये’ एवढं लिहिलेलं कार्ड आईच्या पर्समध्ये आणि एक फ्रिजच्या दारावर लावा. मात्रा बदलली की दोन्ही कार्डं बदला.